खळ निवली आहे

चिपळूण,
नागपंचमी

प्रिय चिकटवहीस,

सप्रेम नमस्कार.

मायना लिहितानाच थांबले होते. वयाने तू माझ्याहून कितीतरी लहान, तेव्हा खरं तर आशीर्वाद लिहायला हवेत. पण तुझ्या पानांवर आई आहे, बाबा आहेत, आजीच्या हातची एक ओळ आहे. म्हणून नमस्कार. पत्र पाकिटात न घालता उघडं लिहिते आहे, त्याला कारण आहे. २०२१च्या पुरानंतर ज्या बायका भिजलेले फोटो पदरात धरून माझ्या जावेच्या पडवीत आल्या होत्या, त्यांतल्या काहींनी पुढे स्वतःच्या वह्या सुरू केल्या. "तुम्हाला त्यात एवढं काय मिळतं हो?" असं त्यांनी मला बऱ्याचदा विचारलंय आणि दर वेळी मी काहीतरी अर्धवट बोलले आहे. आज तुलाच सांगते. त्या ऐकतील.

तुझी सुरुवात एका खिळ्यापासून झाली.

आई २०१६च्या भाद्रपदात गेली. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि मी माहेरच्या माजघरात आवराआवर करत होते. दाराआडच्या खिळ्यावर कालनिर्णय टांगलेलं होतं. उतरवायला हात घातला तर ते एक नव्हतंच. आई जुनं कॅलेंडर काढत नसे, त्याच्याच वर नवं अडकवायची. अकरा वर्षं एका खिळ्यावर होती, खिळा खाली वाकला होता. १९७३ साली कालनिर्णय निघालं तेव्हापासून आमच्या घरात तेच यायचं. तिथी, वार, सण छापून झाल्यावर चौकोनात जी बोटभर जागा उरते, तीच माझ्या आईची रोजनिशी होती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"गॅस लावला." "दूध अर्धा ली. जादा." "नळ आला नाही." "पावट्याच्या शेंगा, शेजारी दिल्या." आणि मधेच एका चौकोनात, "मनू आली. घावन केले." दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात, "मनू गेली."

मनू म्हणजे मी. त्याच गावात राहणारी, उठून कधीही माहेरी जाणारी लेक. मी आले-गेल्याचीही कुणी नोंद ठेवत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. खाली फरशीवर बसून मी अकरा वर्षं उलटली. शेवटच्या वर्षात अक्षर हललेलं, ओळी चौकोनाबाहेर सांडलेल्या, पुढे शब्दच नाहीत, नुसत्या गोळ्या घेतल्याच्या खुणा. भाद्रपदातल्या एका तारखेनंतर सगळे चौकोन कोरे.

रद्दीत ती कॅलेंडरं जाणार नव्हती हे नक्की होतं. तशीच गुंडाळून माळ्यावर ठेवावीत, तर वाळवी. मग एका रात्री मी कात्री घेतली.

लहानपणी कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागद कापायची, तेवढीच माझी ओळख कात्रीशी. काडेपेट्यांचे छाप गोळा करून चिकटवलेली एक वही होती, ती कुठे गेली कोण जाणे. चाळीस वर्षांनी पुन्हा कात्री धरली आणि पहिल्याच चौकोनाला हात अडला. कारण कॅलेंडरच्या पानाला पाठ असते. पुढून "मनू आली" कापलं की मागची कैरीच्या लोणच्याची कृती अर्धी तुटते, आणि त्या कृतीत आईने "मेथी कमी" असं पेनाने लिहिलेलं असतं. कोणती बाजू ठेवायची? दोन दिवस मी काहीच कापलं नाही. तिसऱ्या दिवशी सुचलं: तुझ्या पानालाच खिडकी पाडायची. चौकोनापेक्षा कणभर लहान अशी खिडकी, आणि चौकोन नुसत्या कडांनी धरायचा. पान उलटलं की लोणचं. अशा २२७ खिडक्या मी तुला पाडल्या. धारदार पातं आणि लोखंडी पट्टी यांच्यातला तो बारीक खर्रर्र आवाज त्या वर्षभर माझ्या रात्रींना होता.

आधी मी सगळे "आली" एका पानावर आणि सगळे "गेली" समोरच्या पानावर लावून पाहिले. दिसायला सुरेख दिसत होतं. पण पाहताना घशात काहीतरी अडकायचं. आईने तसं लिहिलं नव्हतं. तिच्याकडे मी आले आणि गेले यांच्यामध्ये घावन होते, नळाचं पाणी होतं, शेजारणीच्या शेंगा होत्या. मग सगळं उचललं आणि तारखेवार लावलं, दुधासकट, गॅससकट. चिकटवही सजवायची नसते, ती लावायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. अजूनही कुणी पानभर फुलं-फुलपाखरं लावलेली वही दाखवली की मी आदराने बघते, कारण त्यातही कुणाची रात्र गेलेली असते. बाजारातली तयार चिकटचित्रं मात्र मला रुचत नाहीत. "गोड आठवणी" असं त्यांच्यावर आधीच छापलेलं असतं. आठवण गोड की कशी, हे पान लावून झाल्यावर ज्याचं त्याला कळू द्यावं.

आता खळीबद्दल. माझं सगळं सांगणं शेवटी तिच्यापाशीच येतं.

बाबा शाळेत लेखनिक होते. हजेरीपट, जमाखर्चाच्या वह्या यांची बांधणी ते सुट्टीत घरीच करायचे. स्वयंपाकघरातून आईची एक पितळी पातेली त्यासाठी कायमची गेली होती. वाटीभर मैदा गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा, पाच-सहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक आली की उतरवायचं. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ते विष, म्हणून त्या पातेलीला आम्ही पोरांनी हातही लावायचा नाही. आणि खळ पूर्ण निवल्याशिवाय कागदाला लावायची नाही, ऊन खळीने कागद फुगतो, हे बाबांचं वाक्य मला पाढ्यांसारखं पाठ आहे.

खळ आपल्याकडची जुनी आहे. पेशवाईतल्या पत्राच्या एका पट्टीला बंद म्हणत. मजकूर लांबला की एका बंदाला दुसरा बंद खळीने जोडायचा, आणि मधला बंद कुणी बदलू नये म्हणून जोडावर पाठीमागून शिक्का मारायचा. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर कलावंतांच्या चित्रकथीच्या पोथ्या मी पाहिल्या आहेत. तिथे दोन चित्रं पाठीला पाठ लावून एक पान करतात, आणि कथा सांगताना पान फिरवलं की मागचा प्रसंग पुढे येतो. माझ्या खिडक्यांची कल्पना कदाचित तिथूनच मनात पडून राहिली असेल.

बाबांमुळे मी तुला खळच वापरली. सगळीकडे नाही. खळ करायचा कंटाळा आला त्या दिवशी बाजारचा पांढरा गोंद वापरला, दोन-चार ठिकाणी घाईत चिकटपट्टी लावली. बाबांची पत्रं, ते रत्नागिरीला नोकरीला असताना आईला आलेली, निळ्या शाईची, मी त्या पांढऱ्या गोंदानेच लावली होती. ती सगळ्यात मोलाची वाटत होती ना, म्हणून सगळ्यात घट्ट.

मग २२ जुलै २०२१ आला. तुला तो दिवस मी कशाला सांगू? तू पाण्याखाली होतीस. रात्रभर पाऊस कोसळत होता, पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आणि आम्ही जे अंगावर होतं ते घेऊन शेजारच्यांच्या माडीवर गेलो. औषधं घेतली, गॅसचं पुस्तक घेतलं, सासूबाईंना खांद्यावर घेतलं. तू लाकडी कपाटाच्या खालच्या फळीवर राहिलीस. माडीवरून आमच्या घराचं फक्त छप्पर दिसत होतं तेव्हा मला तुझी आठवण झाली, आणि आठवण झाली याचीच लाज वाटली. खाली माणसं दोराला धरून बाहेर येत होती.

पाणी ओसरल्यावर दार उघडेना. गाळ घोट्याच्या वर होता, त्याला रॉकेलचा आणि कुजक्या धान्याचा वास. कपाट पालथं पडलेलं. तू मिळालीस तेव्हा तुझं वजन दुप्पट झालं होतं आणि पानं एकमेकांत मुरून वीट झाली होती. मी तिथेच तुला उघडणार होते. बरं झालं, उघडली नाही. ओलं पान ओढलं की फाटतं, एवढं बाबांच्या हाताखाली शिकलेले होते. एका ओळखीच्या ग्रंथपाल बाईंना फोन लावला. त्यांचा स्वतःचा आवाज बसला होता. आमच्या गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४चं, २००५च्या पुरात एकदा बुडालेलं, पुन्हा बुडालं होतं. तेवढ्यातही त्या म्हणाल्या, "दोन दिवसांत बुरशी धरेल. कुठे वीज असेल तर फ्रीझरमध्ये ठेवून द्या. गोठलं की बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते. मग सवडीने सोडवा."

गुहागरच्या वाटेवर, डोंगरावर, माझी धाकटी जाऊ राहते. तिच्याकडे वीज होती. चिखलाने भरलेली एक वीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मी तिच्या दारात उभी राहिले, तेव्हा तिने एक प्रश्न विचारला नाही. फ्रीझरमधले आमरसाचे सगळे डबे बाहेर काढले आणि तुला आत ठेवलं. त्या रात्री तिच्याकडे आसऱ्याला आलेली चौदा माणसं आमरस जेवली.

तू तीन आठवडे गोठलेली होतीस. आम्ही घर खरवडत होतो. बाहेरून आलेली पोरं-पोरी, ज्यांची नावंही आम्हाला माहीत नव्हती, फावड्यांनी गाळ ओढत होती. पुढे कधीतरी मी वाचलं, ४ नोव्हेंबर १९६६ला इटलीत फ्लॉरेन्सच्या आर्नो नदीनेही असंच केलं होतं. तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय गाळाने भरलं, देशोदेशीची तरुण मुलं येऊन साखळी करून हातोहात पुस्तकं वर काढत होती. लोकांनी त्यांना चिखलातले देवदूत म्हटलं. भिजलेली पुस्तकं तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांमधून सुकवली. बुडालेली पुस्तकं कशी वाचवायची याची आजची कितीतरी विद्या त्या चिखलातून वर आली. वाचताना मला ते लांबचं काही वाटलंच नाही. मला आमची पोरं दिसली, आणि आमरसाचे डबे.

मग तू बाहेर आलीस. जावेच्या पडवीत, बाहेर आषाढ-श्रावणाचा पाऊस, ऊन नाहीच. तुला हळूहळू वितळू दिलं. पाणी सुटेल तसं एकेक पान बोथट सुरीने उचलायचं, खाली-वर रद्दीचा कागद, दर दोन तासांनी रद्दी बदलायची, मग कौलाखाली दोरीवर चिमट्यांनी. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मी जे पाहिलं ते तुला सांगायचं होतं म्हणून हे पत्र.

खळीने लावलेलं सगळं सुटलं होतं. २२७ चौकोन. पाण्याने खळ विरघळली आणि एकेक चौकोन आपोआप मोकळा झाला, बोटाने उचलला तर जसाच्या तसा हातात आला. आईचं अक्षर तसंच होतं. ती बॉलपेनने लिहायची, आणि बॉलपेनची शाई तेलाची असते, पाण्याला दाद देत नाही. "मनू आली." "गॅस लावला." "मेथी कमी." गाळाचा पिवळट रंग चढला होता, बाकी तसंच.

बाबांची पत्रं गेली. फाउंटनपेनची शाई पाण्याची, ती पाण्यात मिसळली. कागदावर नुसतं निळं आभाळ राहिलं. पण तेवढंच असतं तर निदान कागद हाती लागला असता, जिथे पेन दाबून लिहिलं होतं तिथला वळ तरी बोटाला कळला असता. मी ती पांढऱ्या गोंदाने पक्की केली होती. गोंद सुटला नाही, पत्रं सुटली नाहीत, पान उचलायला गेले तर मधोमध फाटली. सगळ्यात घट्ट धरलेलं तेच नेमकं फाटलं, आणि जे सुटू शकत होतं ते वाचलं.

जुन्या कागदांची दुरुस्ती करणारे लोक गव्हाच्या सत्त्वाची खळ का वापरतात, हे मी मग समजून घेतलं. ती चिकटते चांगली, पण खरं कारण दुसरं आहे: उद्या कुणाला ती सोडवायची झाली तर पाण्याच्या थेंबाने सुटते. आपलं काम पुढच्याला उलगडता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. बाबांना हा नियम माहीत नसावा, पण त्यांची पातेली त्याच नियमाने चालायची. अमेरिकेत मार्क ट्वेन या लेखकाने १८७३ साली एका चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं, पानांवर आधीच डिंकाच्या पट्ट्या, नुसतं ओलं करायचं की कात्रण चिकटलं. सोयीची वही, खपलीही खूप. मी ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त आमची लाकडी फळी आली आणि ती वही आमच्या पाण्यात किती लवकर एकजीव झाली असती, हे.

बाबांच्या पत्रांबद्दल मी रडले. ते सांगायला संकोच वाटत नाही. आजही त्यांतला एक फाटका निळा तुकडा तुझ्या मलपृष्ठाच्या आत आहे. त्यावर एकही अक्षर नाही.

त्याच पडवीत मग बायका यायला लागल्या. फोटो घेऊन. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, एका आजींकडे यजमानांचा एकुलता एक फोटो, तोही काचेला चिकटलेला. फोटोंचे गठ्ठे सुकू द्यायचे नसतात, सुकले की वरचा सरसाचा थर एकमेकांना धरून बसतो. आम्ही परातींत थंड स्वच्छ पाणी घेतलं, गठ्ठे त्यात सोडले, वाट पाहिली. सुटेल तो फोटो तळव्यावर घेऊन रद्दीवर उताणा ठेवला. काही सुटले. काहींचे चेहरे पाण्यातच राहिले. काचेचा फोटो काचेसकटच भिजवला, संध्याकाळपर्यंत कडेने सुटला, गालापाशी थोडा गेला. आजी म्हणाल्या, "डोळे आहेत ना, पुरे." त्या बायका दिवसभर आपापली घरं धूत होत्या आणि तिन्हीसांजेला पडवीत येऊन परातीभोवती गप्प बसत होत्या. सरकारी पंचनामा, विमा, दुकानातला भिजलेला माल, यांतलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. परातीतला हा एक फोटो होता.

"तुम्हाला त्यात एवढं काय मिळतं?" याचं उत्तर मला वाटतं मी तिथे पाहिलं. आणि ते मला आधीपासून ओळखीचं होतं. आई आजारी होती तेव्हाची गोष्ट आहे. डॉक्टर काय म्हणतील, ती उद्या ओळखेल की नाही, भावाला बोलवायचं की थांबायचं, सगळे प्रश्न डोंगराएवढे आणि एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही. रुग्णालयाच्या बाकावर मी औषधाच्या खोक्यांची झाकणं फाडून त्यांचे छोटे लिफाफे करायची. का करते ते मलाही माहीत नव्हतं. घडी कुठे घालायची, कोपरा कुठे मुडपायचा, एवढंच ठरवायचं होतं, आणि ते मला ठरवता येत होतं. नखाने घडी दाबली की ती दबायची. त्या महिन्यांत माझ्या सांगण्याप्रमाणे झालेली ती एकच गोष्ट.

कागदाचा असा आधार घेणारी मी एकटी नाही. मेरी डेलनी नावाची एक बाई अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेली. पती १७६८ साली गेले. चार वर्षांनी, वयाच्या ७२व्या वर्षी, तिच्या लक्षात आलं की एका कागदाच्या तुकड्याचा रंग समोरच्या जिरेनियमच्या पाकळीसारखाच आहे. तिने पाकळी कापली. मग दुसरी. काळ्या कागदावर बारीक बारीक तुकडे लावत ती अख्खी झाडं फुलवू लागली, देठाच्या लवेसकट. नजर साथ देईनाशी झाली तेव्हा, १७८२ साली, थांबली. ९८५ फुलं झाली होती. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आणि आपल्या शांतिनिकेतनात विनोदबिहारी मुखर्जी, एवढे मोठे चित्रकार, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची पूर्ण दृष्टी गेली. त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून चित्रं केली. कागदाला कड असते, ती बोटांना दिसते. त्यांची ती चित्रं पाहिल्यापासून मी तुझ्या खिडक्यांच्या कडांवरून डोळे मिटून बोट फिरवून बघते. आईचा कुठला चौकोन कुठे आहे ते आता मला कळतं.

माझी लेक म्हणते, "आई, मोबाईलमध्ये सगळं आहे." खरं आहे, आणि पुरात तेच वाचलं, हेही खरं. तिचं मला पटतं. फक्त मोबाईल मला कधी विचारत नाही की यातलं काय ठेवायचं. तू विचारतेस. तुला पानं मोजकी आहेत. शंभर फोटोंतून एक लावायचा तर मला शंभरही फोटो नीट पाहावे लागतात, आणि मग त्यातला तो एक असतो, ज्यात कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये आणि मागे आई ताट पुसते आहे.

तुझ्या नव्या अंगाचं आता सांगून ठेवते. सुटलेले चौकोन वर्षभर मी बटर पेपरमध्ये ठेवले होते. मग पुण्याला गेले असताना शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून तुझ्यासाठी नवे ताव आणले. १९४० सालची ती संस्था, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून उभी राहिलेली. तिथला कागद सुती चिंध्यांचा, शिंप्याकडच्या कात्रणांचा. म्हणजे कात्रणांचा कागद, त्यावर पुन्हा कात्रणं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे उजेडात पिवळा पडतो, कडेने मोडतो. चिंध्यांच्या कागदाला ते भय नाही, आणि त्याचे तंतू लांब, ओला झाला तरी अंग धरून राहतो. तावांची घडी घालून, दाभणाने भोकं पाडून, मेणदोऱ्याने मी तुला शिवली आहे. पुठ्ठ्यावर आईच्या जुन्या इरकलीचा तुकडा. मधली पाकिटं लग्नपत्रिकांची केली आहेत, कोपऱ्याला हळद-कुंकू लागलेल्या. यंत्रातून येणारी एस.टी.ची तिकिटं आता लावत नाही. तो उष्णतेने छापणारा कागद, दोन-तीन वर्षांत कोरा होतो. त्यांची झेरॉक्स काढून लावते. कंडक्टरने चिमट्याने भोक पाडलेलं चिपळूण–गुहागरचं जुनं तिकीट मात्र मूळचंच आहे, ते पुरातूनही आलं.

चिकटपट्टी घरात ठेवत नाही. पांढरा गोंद पुठ्ठ्यापुरता.

चार दिवस पाऊस लागून आहे. नदी भरली की आम्ही सगळेच आता रात्री एकदा उठून बाहेर बघतो. तू हल्ली माळ्यावर असतेस, वरच्या लोखंडी पेटीत, कापूर आणि वेखंड घालून. तरीही मी तुला खळीनेच लावते आहे, कारण मला आता माहीत आहे की पाणी आलंच तर तू सुटशील.

२२७ पैकी २२४ चौकोन पुन्हा लागले. तीन उरले आहेत. एक "नळ आला नाही", एक नुसती गोळीची खूण, आणि एक मी इतके दिवस मागे ठेवला होता, "मनू आली", त्याच्या पुढच्या दिवशी काहीच लिहिलेलं नाही. मी त्या रात्री आईकडे राहिले असणार. सकाळी उठून तिने लिहिलं नसेल, कारण मी अजून घरातच होते.

पातेली ओट्यावर आहे. बोट लावून पाहिलं, खळ निवली आहे. चल, पान उघड.

तुझी,
मनू